बंद पडलेलं लंबकाचं घड्याळ खरंच 'गेलेलं' असतं का? त्याच्या पोटात काय असतं आणि ते दुरुस्त कसं होतं?

जुन्या घरांच्या बैठकीत एक घड्याळ हमखास असायचं. लाकडी पेटी, समोर काचेचं दार, आत हलणारा लंबक आणि दर तासाला घरभर घुमणारे टोले. आठवड्यातून एकदा घरातलं कुणीतरी स्टुलावर चढून त्याला चावी द्यायचं.

आज अशी कित्येक घड्याळं भिंतीवर आहेत, पण बंद. काही माळ्यावर गेली, काही भंगारात गेली. काहींच्या पोटातलं यंत्र काढून तिथं सेलवर चालणारं मशीन बसवलं गेलं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "जुनं झालं हो, गेलं ते आता."

पण चावीच्या घड्याळाच्या बाबतीत हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. असं घड्याळ सहसा वयामुळे मरत नाही. ते मळतं, कोरडं पडतं आणि झिजतं. या तिन्ही गोष्टींवर इलाज आहे, कारण हे यंत्र मुळातच पुन्हा पुन्हा उघडता यावं अशा बेतानं बनवलेलं असतं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी त्याच्या आत डोकावायला हवं.

घड्याळाच्या पोटात असतं तरी काय?

वरून गुंतागुंतीचं वाटत असलं तरी यांत्रिक घड्याळात मुळात चारच गोष्टी असतात.

पहिली गोष्ट म्हणजे ताकद. मोठ्या टॉवरच्या घड्याळात ती दोराला टांगलेल्या वजनातून येते. घरच्या घड्याळात ती गुंडाळलेल्या पोलादी स्प्रिंगमधून येते. आपण चावी देतो म्हणजे ही स्प्रिंग घट्ट गुंडाळतो. पुढचे सात-आठ दिवस ती हळूहळू उलगडत राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे दातेरी चाकं. ही चाकं दोन जाड पितळी प्लेटींच्या मधे बसवलेली असतात. स्प्रिंगजवळचं चाक अगदी संथ फिरतं, तर शेवटचं चाक सगळ्यात वेगानं.

तिसरी गोष्ट म्हणजे अडवणारा भाग. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव एस्केपमेंट. तो नसेल तर चावी दिल्याबरोबर सगळी चाकं भर्रकन फिरतील आणि स्प्रिंग काही क्षणांत मोकळी होईल. हा भाग शेवटच्या चाकाचा एकेक दात अडवतो आणि सोडतो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक हा त्याच अडवण्याचा आवाज.

चौथी गोष्ट म्हणजे लंबक. दात कधी सोडायचा हे तो ठरवतो. बदल्यात प्रत्येक झोक्याला चाकाकडून त्याला एक हलकासा धक्का मिळतो, म्हणून तो थांबत नाही.

थोडक्यात, स्प्रिंग ढकलते, लंबक थोपवतो आणि मधली चाकं मोजदाद करतात. काटे फक्त ती मोजदाद आपल्याला दाखवतात.

पहिल्या घड्याळांना काटेच नव्हते

आपल्याकडे शतकानुशतकं वेळ मोजली जायची ती घटिकापात्रानं. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर ठेवायची, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. दिवस-रात्र मिळून ६० घटिका. 'घटका भरली' हा वाक्प्रचार तिथलाच.

युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस वजनावर चालणारी दातेरी चाकांची घड्याळं दिसू लागली. ती चर्चच्या मनोऱ्यात असायची आणि त्यांचं मुख्य काम होतं घंटा वाजवणं. इंग्रजीतला 'क्लॉक' हा शब्दसुद्धा घंटेसाठीच्या जुन्या लॅटिन शब्दावरून आला आहे. इंग्लंडमधल्या सॅलिसबरी कॅथेड्रलचं घड्याळ १३८६ सालचं मानलं जातं. त्याला तबकडीही नाही आणि काटेही नाहीत.

त्या काळी लंबक नव्हता. एक आडवी दांडी मागेपुढे फिरून चाकाचे दात अडवायची. या दांडीला स्वतःची अशी ठरावीक लय नसते. त्यामुळे घड्याळ दिवसाला सुमारे १५ मिनिटं इकडेतिकडे व्हायचं.

मग १६५६ मध्ये डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांनी घड्याळाला लंबक जोडला. लंबकाच्या लयीचा अभ्यास त्यांच्याआधी गॅलिलिओनं केला होता. छोट्या झोक्यांसाठी लंबकाचा वेग जवळपास फक्त त्याच्या लांबीवर ठरतो, हे त्यातलं मर्म. या एका बदलानं दिवसाची चूक १५ मिनिटांवरून साधारण १५ सेकंदांवर आली. मिनिट काटा सर्रास दिसू लागला तो यानंतरच. १५ मिनिटांची चूक असलेल्या घड्याळाला मिनिट काटा लावून उपयोग तरी काय होता!

१६७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये नांगराच्या आकाराचा एस्केपमेंट आला. त्यामुळे लंबकाचा झोका लहान झाला आणि तो अरुंद लाकडी पेटीत मावू लागला. आपल्या ओळखीच्या भिंतीवरच्या घड्याळाचा आराखडा इथून सुरू होतो.

श्रीमंतांच्या हवेलीतून सामान्यांच्या भिंतीवर

तरीही घड्याळ महागच होतं, कारण प्रत्येक चाक हातानं कापलं जायचं. एका घड्याळाचं चाक दुसऱ्याला बसेलच असं नव्हतं.

हे बदललं अमेरिकेत. कनेक्टिकटमधल्या एलाय टेरी यांनी १८०६ मध्ये ४,००० घड्याळांची यंत्रं बनवण्याचं कंत्राट घेतलं. यंत्रं लाकडी होती आणि मुदत होती तीन वर्षांची. पाण्याच्या ताकदीवर चालणारी यंत्रं वापरून त्यांनी एकसारखे सुटे भाग बनवले. पुढे लाकडाच्या जागी पत्र्यातून कापलेली पितळी चाकं आली आणि घड्याळ स्वस्त झालं.

अमेरिकेच्या अँसोनिया आणि सेथ थॉमस, जर्मनीच्या युंगहान्स, जपानच्या सेकोशा अशा कंपन्यांची घड्याळं मग जगभर गेली. भारतातल्या घरांमध्ये, दुकानांमध्ये आणि स्टेशनांवरही ती पोचली. तुमच्या घरातल्या जुन्या घड्याळाच्या तबकडीवर किंवा आतल्या प्लेटवर यातलंच एखादं नाव सापडू शकतं.

एकसारखे भाग म्हणजे दुरुस्तीही सोपी. एका बंद घड्याळाचं चाक काढून त्याच बनावटीच्या दुसऱ्या घड्याळाला लावता येऊ लागलं. जुन्या घड्याळवाल्यांच्या दुकानात सुट्या चाकांनी आणि काट्यांनी भरलेले डबे दिसतात ते याचसाठी.

टोल्यांचं गणित

टोले देणाऱ्या घड्याळाच्या तबकडीवर चावीची दोन भोकं असतात. साधारणपणे उजवीकडचं भोक वेळेचं आणि डावीकडचं टोल्यांचं. म्हणजे आत दोन वेगळ्या स्प्रिंगा आणि चाकांचे दोन वेगळे संच. म्हणूनच कधीकधी घड्याळ नीट चालतं, पण टोले मात्र बंद असतात.

किती टोले द्यायचे हे घड्याळाला कसं कळतं? जुन्या पद्धतीत एका चाकाच्या कडेला खाचा असतात आणि त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. एक वाजण्यासाठी लहान अंतर, बारा वाजण्यासाठी सगळ्यात मोठं. खाच येईपर्यंत हातोडी वाजत राहते. तासांचे टोले आणि अर्ध्या तासाचा एकेक टोला धरला तर असं घड्याळ दिवसाला १८० टोले देतं.

या पद्धतीत एक अडचण आहे. चाकाला काटे कुठे आहेत ते कळत नाही. ते फक्त आपला क्रम पाळतं. एकदा क्रम चुकला की काटे तीन दाखवतात आणि टोले पाच पडतात. हा बिघाड नसतो, फक्त जुळवणी हुकलेली असते. टोल्यांच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवू नयेत असं सांगतात, तेही याच्याशीच जोडलेलं आहे. आतल्या टोल्यांच्या नाजूक कड्या वाकू शकतात.

मग घड्याळ बंद का पडतं?

लंबकाची लांबी साधारण २५ सेंटीमीटर असेल तर तो सेकंदाला दोन ठोके देतो. म्हणजे दिवसाला १ लाख ७२ हजार ८०० आणि वर्षाला सुमारे ६ कोटी ३० लाख ठोके. हे सगळं एका गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या जोरावर. शेवटच्या चाकापर्यंत पोचेपर्यंत ही ताकद अगदी थोडी उरते. त्यामुळे वाटेत जरासं घर्षण वाढलं तरी घड्याळ थांबतं.

घर्षण वाढतं ते मुख्यतः तेलामुळे. प्रत्येक चाकाच्या आसाची बारीक पोलादी टोकं पितळी प्लेटच्या भोकांमध्ये फिरतात आणि तिथं तेलाचा अगदी छोटा थेंब असतो. काही वर्षांनी तेल घट्ट होतं आणि त्यात धूळ मिसळते. मग ते वंगण राहत नाही, पॉलिश पेपरसारखं काम करू लागतं. धुळीचे कण मऊ पितळेत रुततात आणि कठीण पोलादालाच घासत राहतात. दुसरीकडे भोकंही झिजतात आणि गोल राहत नाहीत, लांबट होतात. चाकं आपल्या जागेवरून सरकतात, दात नीट बसत नाहीत आणि एके दिवशी घड्याळ थांबतं.

इथं एक जुना गैरसमज दूर करायला हवा. "कुणीतरी जास्त चावी दिली म्हणून घड्याळ बिघडलं" असं बऱ्याचदा म्हटलं जातं. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली की चावी पुढे फिरतच नाही. पूर्ण चावी देणं हीच योग्य पद्धत आहे. पूर्ण चावी असूनही घड्याळ चालत नसेल तर दोष चावीचा नसतो. आत साचलेल्या मळाचा किंवा झिजेचा असतो.

कारागीर नेमकं काय करतो?

चांगली दुरुस्ती म्हणजे वरून तेल सोडणं नव्हे. तिचा क्रम साधारण असा असतो.

सगळ्यात आधी स्प्रिंगचा ताण सोडवला जातो. खटका हळूच मागे घेऊन, चावी हातात घट्ट धरून, थोडी थोडी ढील देत. हे न करता प्लेट उघडली तर स्प्रिंग एकदम सुटते, चाकांचे दात तुटतात आणि बोटंही कापली जातात. घरी हौसेनं घड्याळ उघडू नये ते यासाठी.

मग प्रत्येक चाक सुटं होतं. सगळे भाग धुतले जातात. भोकं टोकदार लाकडी काडीनं साफ केली जातात. काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे चालू राहतं.

त्यानंतर झीज तपासली जाते. आसाची टोकं खरबरीत झाली असतील तर ती घासून गुळगुळीत केली जातात. लांबट झालेलं भोक मोठं करून त्यात पितळेचा छोटा बुश बसवतात आणि त्यात पुन्हा बरोबर मापाचं भोक पाडतात. हे भोक मूळ जागीच यावं लागतं. केसभर इकडेतिकडे झालं तरी दात अडखळतात.

शेवटी जुळणी. सगळ्या आसांची टोकं एकाच वेळी वरच्या प्लेटच्या भोकांत बसवायची असतात आणि एकावर जोर पडला तर ते वाकतं. मग मोजकं तेल, तेही फक्त ठरावीक जागी. बहुतेक चाकांच्या दातांना तेल लावत नाहीत, कारण तिथं धूळ चिकटते.

यातलं फारसं काही पुस्तक वाचून जमत नाही. खटका किती सोडायचा, चाक किती सैल हवं, टिकटिकीत दोष कुठून येतोय हे हाताला आणि कानालाच कळतं. म्हणूनच स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधल्या यांत्रिक घड्याळं बनवण्याच्या कौशल्याला युनेस्कोनं २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. यादीत घड्याळं नाहीत, त्यामागचं कौशल्य आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

दीडशे-दोनशे वर्षं जुनी यंत्रं पुन्हा चालू झाली ती गोष्ट

'गेलेलं घड्याळ' परत येऊ शकतं याचं मोठं उदाहरण लंडनजवळच्या ग्रीनिचमध्ये आहे.

जहाजावर लंबकाचं घड्याळ चालत नाही, कारण लाटांमुळे लंबकाची लय बिघडते. आणि अचूक वेळ कळल्याशिवाय जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठे आहे ते कळत नाही. हा प्रश्न सोडवला जॉन हॅरिसन या मुळच्या सुतारकाम करणाऱ्या माणसानं. १७३० च्या दशकापासून त्यांनी एकामागून एक समुद्री घड्याळं बनवली. त्यातलं चौथं, एच-४, १७६१ मध्ये जमैकाच्या प्रवासाला निघालं आणि ८१ दिवसांत फक्त सुमारे ५ सेकंद मागे पडलं.

पुढे ही यंत्रं ग्रीनिचच्या वेधशाळेत मळून, गंजून पडली. १९२० मध्ये रूपर्ट गुल्ड या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं ती साफ करायची परवानगी मागितली. हे काम त्यांना १९३३ पर्यंत पुरलं. पण घड्याळं पुन्हा चालू लागली.

आजही ग्रीनिचमध्ये पहिली तीन घड्याळं चालताना दिसतात. सर्वांत प्रसिद्ध एच-४ मात्र मुद्दाम बंद ठेवलेलं आहे. कारण पुन्हा तेच, तेल. एच-१ मध्ये हॅरिसन यांनी स्वतःच वंगण देणारं तेलकट लाकूड वापरलं होतं, त्यामुळे त्याला तेल लागत नाही. एच-४ ला लागतं. ते सतत चालवलं तर झिजेल, म्हणून त्याला विश्रांती दिली आहे.

मग ही कला मागे का पडली?

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीनं क्वार्ट्झवर चालणारं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. यात लंबकाचं काम क्वार्ट्झचा छोटा स्फटिक करतो. आजच्या नेहमीच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ना चावी, ना तेल, आणि अचूकता कितीतरी जास्त. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास जवळपास ९० हजार लोक काम करत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या ३०-३५ हजारांच्या घरात आली.

आपल्याकडे १९६१ मध्ये बेंगळुरूत जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीची मनगटी घड्याळं सुरू झाली. घरोघरी चावीची घड्याळं होती तोवर त्यांना साफ करणारे, तेल देणारे हातही लागत होते. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करायला मंजुरी दिली. आज बऱ्याच दुकानांत सेल आणि पट्टे बदलणं हेच मुख्य काम उरलंय.

यात हिशेबही आहे. सेलवरचं मशीन बिघडलं तर फेकून नवं बसवणं स्वस्त पडतं. चावीचं घड्याळ उघडून दुरुस्त करायला मात्र कारागिराचे अनेक तास जातात. काम कमी येतं म्हणून पुढची पिढी शिकत नाही, आणि शिकलेलं कुणी नाही म्हणून लोक घड्याळ भंगारात देतात.

तुमच्या घरात असं घड्याळ असेल तर

- आधी टिकटिक ऐका. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं हवं. ते लंगडं वाटत असेल तर घड्याळ तिरकं टांगलेलं आहे. पेटी खालून किंचित डावी-उजवीकडे सरकवून पाहा. कित्येक 'बिघडलेली' घड्याळं एवढ्यानंच चालू होतात.
- घड्याळ पुढे किंवा मागे जात असेल तर लंबकाच्या खालचा स्क्रू बघा. चकती वर घेतली की घड्याळ वेगानं चालतं, खाली घेतली की हळू. २५ सेंटीमीटरच्या लंबकात १ मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला जवळपास ३ मिनिटं. म्हणून स्क्रू अगदी थोडा फिरवा.
- उन्हाळ्यात किंचित मागे पडलं तर घाबरू नका. उष्णतेनं लंबकाची दांडी लांबते. पोलादी दांडी असेल तर १० अंशांच्या फरकानं दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे जाणं स्वाभाविक आहे.
- रॉकेल, खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल आत सोडू नका. जुना मळ तसाच राहतो आणि नवी धूळ चिकटते.
- हलवताना लंबक काढून ठेवा. तो ज्या पातळ पट्टीला टांगलेला असतो ती सहज तुटते.
- कारागिराला विचारा, "सगळं सुटं करून धुणार का? भोकं झिजली असतील तर बुश बसवणार का?" या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून काम कसं होणार ते कळतं.
- सेलवरचं मशीन बसवायचंच ठरवलं, तर जुनं यंत्र टाकून देऊ नका. कापडात गुंडाळून पेटीसोबत ठेवा. पुढे कुणाला ते परत बसवावंसं वाटलं तर मार्ग मोकळा राहील.

पितळ आणि पोलादाचं हे यंत्र अजून कित्येक वर्षं टिकणार आहे. ते उघडू शकणारी माणसं मात्र कमी होत चालली आहेत. तुमच्या गावात किंवा पेठेत असा एखादा जुना घड्याळवाला अजून बसत असेल, तर माळ्यावरचं घड्याळ खाली काढून त्याच्याकडे न्यायला हीच वेळ बरी आहे.